मूठ आवळू नका

मी लिहावं इतका मी मोठा नाही. डीएमएलटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे लॅबमध्ये रक्त तपासायला शिकतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेला मी पहिलाच. लिहिण्यात चुका असतील, त्या माफ कराव्यात. इथे जी चूक सांगणार आहे, ती त्याहून मोठी आहे.

सुमनअक्का खुर्चीत बसल्या होत्या आणि मला त्यांची शीर सापडत नव्हती. अक्का चोपड्याकडच्या शाळेत शिक्षिका. उपचारासाठी धुळ्यात, देवपूरला भावाकडे राहायला आल्या होत्या. आमची लॅब तिथून दोन गल्ल्यांवर.

त्यांना दोन आजार. एकात रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. पायावर जांभळे ठिपके उठतात, नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, रक्त कमी पडतं. दुसरा जन्माचा, मायटोकॉन्ड्रियाचा. पेशीतले जे भाग अन्नापासून ताकद बनवतात, तेच दुबळे. त्यामुळे अक्का उपाशी राहू शकत नाहीत. पर्समध्ये गूळ-शेंगदाण्याची डबी असते. जिना चढायचा तर मध्ये थांबून, कुणाशी तरी बोलल्यासारखं करून चढतात. "लोकांना वाटतं, बाई फार बोलकी आहे," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांपासून त्यांचं उजवं पाऊल वर उचलत नव्हतं. चप्पल फरफटत होती. डॉक्टरांना ठरवायचं होतं की हे कोणत्या आजाराचं. सुजेचं असेल तर स्टेरॉइड वाढवायला हवं, आणि लवकर, नाहीतर नस कायमची जाते. दुसऱ्या आजाराचं असेल तर स्टेरॉइडने स्नायू आणखी दुबळे होण्याची भीती. म्हणून त्यांनी लॅक्टेट तपासायला सांगितलं. पेशीत ताकद नीट बनली नाही की रक्तात लॅक्टेट वाढतं.

मी दंडाला पट्टा आवळला. "अक्का, मूठ आवळा. सोडा. परत आवळा."

अक्कांनी आठ-दहा वेळा केलं. हात भरून आला. हसून अहिराणीत म्हणाल्या, "शाळाना पोरे बी मनं इतलं ऐकतस नही."

शीर मिळाली. मला बरं वाटलं.

दुपारी रिपोर्ट गेला. लॅक्टेट नॉर्मलच्या जवळजवळ दुप्पट. डॉक्टरांचा फोन आमच्या सरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, आला. सरांनी फोन ठेवून सांगितलं, "स्टेरॉइड वाढवत नाहीयेत. आठवडाभर बघू म्हणाले."

मला किटमधले इंग्रजी कागद जपून ठेवायची सवय आहे. इंग्रजी सुधारावं म्हणून डिक्शनरी घेऊन वाचतो. सर त्यावरून चिडवतात. त्या दिवशी जेवताना लॅक्टेटच्या किटचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं, रुग्णाला मूठ आवळू देऊ नये, पट्टा शक्यतो बांधू नये. हाताला श्रम झाले की लॅक्टेट तिथल्या तिथे वाढतं.

घास खाली ठेवला आणि सरांकडे गेलो.

"सर, अक्कांचा रिपोर्ट चुकीचा असू शकतो. मी मूठ आवळायला लावली."

"सगळ्यांनाच लावतो आपण."

"लॅक्टेटला चालत नाही, सर. इथे लिहिलंय."

सरांनी कागद घेतला, दोनदा वाचला. "रिपोर्ट गेलाय. आता डॉक्टरांना काय सांगू? आमच्या पोराला माहीत नव्हतं?"

"हो. माझं नाव सांगा."

"तुझं नाव सांगून काय होतंय? लॅब माझी आहे." त्यांनी कागद पुन्हा उघडला. मग म्हणाले, "मलाही आठवलं नाही, हे कुणाला सांगू?" आणि त्यांनीच फोन लावला.

संध्याकाळी आम्ही दोघं बर्फाचा डबा घेऊन अक्कांच्या भावाकडे गेलो. आधी अर्धा तास त्यांना नुसतं बसवलं. पट्टा नाही, मूठ नाही. मी हात जोडून चूक सांगितली.

अक्का म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच तुझं ऐकलं?"

"हो अक्का."

"बरं. आता नीट काढ."

सरांनी शीर बोटानेच शोधली. दुसऱ्या टोचण्याला रक्त आलं. नळीतही लॅक्टेट वाढत राहतं, म्हणून ती बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवली. लॅक्टेट नॉर्मलच्या जरासं वर, त्यांचं नेहमी असतं तेवढंच. डॉक्टर म्हणाले, मग ही रक्तवाहिन्यांची सूजच. त्याच संध्याकाळी डोस वाढला. आम्ही आठवडा घालवला असता. गेली ती एक दुपार.

आता लॅक्टेटचा रुग्ण आला की सर मलाच पुढे करतात. शिकलो ते एवढंच, की रोज शंभर जणांना जे सांगतो, ते एकशे एकाव्याला सांगण्याआधी थांबावं.

लॅबमधून रिपोर्ट जातो, माणसाचं पुढे काय झालं ते कळत नाही. दीड महिना मी विचारायला धजलो नाही. परवा अक्कांचे भाऊ काउंटरवर आले. म्हणाले, अक्का शाळेत परत गेली. खुर्चीत बसून शिकवते. पायाचा अंगठा उचलतोय, बाकीचं पाऊल अजून नाही.