देवचाराचे डोळे

ललिताच्या खेळांत राक्षसांची सोंगं नाचवण्यात माझी हयात गेली. पण खरी भीती मी पाहिली ती बस्त्यांव सुताराच्या चेहऱ्यावर. हा गोव्यातल्या बारदेशचा किरिस्ताव पुण्यात पेशव्यांच्या तोफखान्यात गाडे जोडायचा. लहानपणी त्याने चर्चसाठी संतांच्या मूर्ती कोरल्या होत्या, म्हणून मी त्याला वेताळाचा मुखवटा सांगितला. मुखवटा देखणा उतरला, पण डोळे काही तो कोरीना.

"डोळे उघडले की देवचार आत शिरेल, बुवा." देवचार म्हणजे त्यांचा सैतान. "हे काम घेतलं आणि माझी पोर कातरीन तापानं फणफणली. तो तिलाच मागतोय."

त्याने पटाशी खाली ठेवली. मी सवयीने मुखवट्याला कुंकू लावून हात जोडले. तो दचकून मागे सरला.

"सैतानाच्या पाया पडता?"

"अरे, वेताळ आमच्या वेशीची राखण करतो. आणि तुझ्याही 'देवचार' शब्दात आधी देवच बसलाय की!"

तो हसला नाही. "माझी आजी शेत राखतो म्हणून बांधावर देवचारासाठी भाकरीचा रोट ठेवायची," तो पुटपुटला. "पाद्रींनी तो लाथेनं उडवला होता." मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बुवा, तो राखणदार असेल, तर पोरीला ताप दिला कुणी?"

भर मांडवात डरकाळ्या फोडणारा मी उठलो आणि वैद्याला शोधायला निघालो.

संध्याकाळी मी वैद्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. दारावर मुखवटा टांगला होता. त्याचे डोळे कोरलेले होते आणि ते राखणदारासारखे बाहेर रस्त्याकडे पाहत होते. उंबऱ्यात बस्त्यांव क्रूस घट्ट धरून बसला होता.