कृत्तिकांचे भडके

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी कृत्तिका या तारकागुच्छातल्या ताऱ्यांच्या एक्स-रे किरणांवर काम करत होते. हे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून ते टिपणारी दुर्बीण अवकाशात असते. तिची मोजमापं लॅपटॉपवर उघडून चिंचपोकळीच्या आमच्या चाळीतल्या खोलीत मी भडके शोधायचे. एका गुच्छातले तारे एकाच वयाचे असतात. कृत्तिका अजून तरुण आहेत. तरुण तारे गरागरा फिरतात आणि मधूनच एखादा असा भडकतो की त्याचे एक्स-रे तासाभरात कित्येक पटींनी वाढतात.

थोरल्या भावाला, दादाला, यातलं काहीच पटायचं नाही. त्याची नोकरी गेली होती, आणि त्याने आणलेलं स्थळ मी नुकतंच नाकारलं होतं.

त्या दुपारी जेवता जेवता तो म्हणाला, "आकाशात कोणाचं हाड मोडलंय, म्हणून एक्स-रे काढतेस?"

"तुला नाही कळायचं," मी मान वर न करता म्हणाले.

ताट भिंतीवर आदळलं. त्याने लॅपटॉप हिसकावून जमिनीवर आपटला, वर टाच मारली. मी त्याच्या दंडाला चावले आणि रक्त आलं तरी सोडलं नाही. त्याने माझे केस धरून डोकं कपाटावर आपटलं.

"सोड तिका, मेल्या!" म्हणत आई मध्ये आली. त्याचा कोपर तिच्या तोंडावर बसला. पुढचे दोन दात फरशीवर पडले. तेव्हा कुठे तो थांबला.

परळच्या इस्पितळात आईच्या ओठाला टाके घातले.

"कसं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी मोरीत पडलंय," आई म्हणाली.

"नाही. माझ्या भावाने मारलं."

आईने माझ्या मनगटात नखं रुतवली. मी तरीही तिथूनच पोलीस स्टेशनला गेले आणि तक्रार लिहून दिली.

दादाला दोन दिवस आत ठेवलं. सुटल्यावर तो गावी गेला, तो आजतागायत तिथेच आहे. मूळ मोजमापं माझ्या संस्थेकडे होती, पण मी वेचलेल्या भडक्यांची यादी लॅपटॉपबरोबर गेली. ती पुन्हा करताना एक मिणमिणता तारा सापडला, पहिल्या वेळी मी सोडून दिलेला. सगळ्यात मोठा भडका त्याचाच होता. माझा पहिला शोधनिबंध त्याच्यावरच आहे.

आई दादाला रोज संध्याकाळी फोन करते. बोलताना ओठ अजून थोडा ओढला जातो तिचा. मी उठून गॅलरीत जाते.