मोठीमायचे छाप

मोठीमायने आपलं एकही चित्र काचेत घातलं नाही. ओसरीत नायलॉनची दोरी ताणून धुण्याच्या चिमट्यांनी ती आपले छाप टांगायची. वारा आला की कागद हलायचे. "काचेत घातलं का चितर कोंडते," ती म्हणायची. माझी जलरंगातली चित्रं समोरच्या खोलीत काचेच्या फ्रेमांमध्ये होती, आणि हे ती माझ्यादेखत म्हणायची.

ती माझी थोरली जाऊ, माहेर चिचगडचं. मुलं तिला मोठीमाय म्हणत, म्हणून मीही. फुलचूरच्या या घरात मी आले ती शाळेतली चित्रकलेची बक्षिसं पेटीत घेऊन. घरात चित्र काढणारी मी एकटीच, आणि पाहुण्यांना तसं सांगितलं जायचं. माझे भासरे, म्हणजे तिचे यजमान, घरीच स्क्रीन प्रिंटिंगने लग्नपत्रिका छापत आणि ती त्यांच्या हाताखाली असे. लोक मोबाइलवरच आमंत्रणं धाडू लागले तसं ते काम बसलं. भासऱ्यांनी दुकान टाकलं. लाकडी चौकटी, जाळ्या, रंगाचे डबे मागच्या खोलीत पडून राहिले. मग एका उन्हाळ्यात मोठीमायने ती खोली झाडून काढली.

नहाणीत अंधार करून ती जाळीवर लेप द्यायची, चित्राची फिल्म ठेवून गच्चीवरच्या उन्हात धरायची. पाणी मारलं की लेपातून चित्राच्या रेघा मोकळ्या व्हायच्या. मग जाळीवर रंग ओतून रबरी पट्टी एका दमात ओढायची. "मधी थांबलं का डाग पडते," एवढंच तिचं शास्त्र.

तिचा पहिला छाप रोवण्याचा, म्हणजे भातलावणीचा होता. चिखलात वाकलेल्या बाया, चेहरे नाहीत, नुसत्या पाठी. आमच्याकडे दूध घालायला येणारी बाई बरणी हातात तशीच धरून त्याच्यापुढे उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे तं आमीच आहो." ती बाई वर्षानुवर्षं माझ्या फ्रेमांसमोरून आत-बाहेर करत होती. तिची मान कधी वळली नव्हती.

मीही शिकायला बसले. माझ्या सारस पक्ष्याचा लाल रंग मानेवर बसेना, शेजारी सांडल्यासारखा दिसे. तिचा रंगावर रंग बरोबर बसायचा. विचारलं ते सगळं तिने दाखवलं, हातचं काही राखलं नाही. तिने एखादी गोष्ट लपवली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान बोट ठेवायला जागा मिळाली असती.

खरं लागलं ते माझी मुलगी नागपूरच्या होस्टेलला निघाली तेव्हा. खोलीत लावायला म्हणून मी माझं इटियाडोह धरणाचं चित्र भिंतीवरून उतरवून पुसून ठेवलं होतं. तिने मोठीमायचा रोवण्याचा छाप गुंडाळून पिशवीत घातला. प्रवासात काच फुटेल, म्हणाली. बरोबरच होतं. त्यानंतर बरेच दिवस मी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

शेवटी तीच स्वयंपाकघरात आली, तांदूळ निवडत माझ्यापाशी बसली.

"काऊन जळून राहिली माह्यावर?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

"जळून राहिली. जळ. पण हात नको थांबवू." सुपातले खडे बाजूला काढत ती पुढे म्हणाली, "माहा कागद हरपला तं दुसरा दोरीवर आहेच. तुह्यं चितर एकच राहते. पोरगी ते न्यायले भ्याली."

मला ते पटलं नाही. समजूत घालतेय असं वाटलं, आणि समजूत घालण्यातही ती माझ्यापुढे गेली याचाच राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहून छापत होतो.

गेल्या हिवाळ्यात काविळीने ती गेली. फार दिवस झोपून राहिली नाही. नंतर मुलीने हट्ट धरला म्हणून गोंदियात एका सभागृहात आम्ही तिचे छाप मांडले. माझंही एक चित्र घ्या, असं मुलगी म्हणत होती. मी नको म्हटलं.

दुपारी एक अनोळखी बाई एकेका कागदापाशी थांबत माझ्यापर्यंत आली. "ये सब आपने बनाया?" तिने विचारलं.

हो म्हणावं, असं फार वाटलं. तोंडापर्यंत आलंही. मग म्हटलं, "मेरी जेठानी ने." तिला भेटायचं होतं. आता भेट होणार नाही, असं मी सांगितलं, तशी ती परत वळून त्या वाकलेल्या पाठींकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. जिला तिने कधी पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी. मला मात्र तेव्हाही आधी मत्सरच वाटला, रडू घरी आल्यावर आलं.

माणूस गेलं की हेवा विझतो म्हणतात. माझा विझलेला नाही, आणि विझू नये असंच वाटतं. सकाळची कामं आटोपून मी मागच्या खोलीकडे जाते तेव्हा अजूनही पाय उचलते घाईने, कुणीतरी माझ्या आधी पोचलेलं असणार म्हणून.