चातुर्मासात सोडलेली गोळी

चातुर्मास लागला की आमच्या घरी प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. आई कांदा-लसूण सोडते. मी चहा सोडते आणि आठवडाभरात सगळ्यांवर खेकसून परत धरते. अण्णा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी वांगं सोडतात. यंदा ते नुसतं म्हणाले, "माझं ठरलंय." दुसऱ्याचा नेम विचारायचा नसतो, म्हणून कुणी विचारलं नाही. त्यांनी हृदयाची गोळी सोडली होती!

लिहितानाही माझं डोकं सणकतं.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यातले ठोके उधळले आणि ते देवघरातच कोसळले. नगरच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. ती एकटी पुरली नाही, ठोके पुन्हा बिघडले. मग जोडीला दुसरी दिली, तेव्हा कुठे सगळं ताळ्यावर आलं. पण दुसरीने हात थरथरायला लागले. जन्मभर बेलापुरात भिक्षुकी केलेला माणूस. आचमनाचं पाणी पळीतून तळहातावर न पडता सोवळ्यावर सांडायचं. समोर यजमान बसलेले असायचे. अण्णांना ते फार लागायचं.

त्यात कोल्हारचे त्यांचे शाळासोबती भेटायला आले. "दोन गोळ्या कशाला रं? मला बग, एकच हाय. तरी दिवसभर उसात हिंडतो. डॉक्टरला लिव्हायला काय जातंय!" त्यांचं दुखणं वरच्या कप्प्याचं, अण्णांचं खालच्या, हे कोण सांगणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. चहा पिऊन ते गेले आणि अण्णांना नेम सापडला.

श्रावणात, ताटावर बसल्या बसल्या अण्णा कलंडले. श्रीरामपूरच्या दवाखान्यात छातीला शॉक दिला तेव्हा ठोके जागेवर आले. "दोन्ही गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "हो तर," मी छातीठोकपणे सांगितलं. अण्णा तोंडावरचा मास्क सरकवून म्हणाले, "एकच. दुसरी कार्तिकीनंतर."

मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. आई माझा हात ओढत राहिली, मी थांबले नाही. डॉक्टरीणबाई मात्र अण्णांकडून कारण काढून घेऊन शांतपणे म्हणाल्या, "हात थरथरतात हे सांगायचं होतं आजोबा. मात्रा कमी करून पाहिली असती. बंद कशाला केलीत?" अण्णा म्हणाले, "देवाच्या कामातली गोष्ट. डॉक्टरला काय सांगायची?"

एवढंच! एक वाक्य बोलायची लाज वाटली म्हणून हा माणूस मरायला निघाला होता, आणि वर त्याला नेम म्हणत होता.

घरी आल्यावर मी दोन्ही गोळ्या समोर ठेवल्या. दुसरीची मात्रा आता कमी होती. अण्णांनी एक घेतली आणि दुसरी बाजूला सारली.

"नेम मोडला तर दोष लागतो गं."

"लागू दे. मला लागू दे."

"आणि मी काही मरणाला भीत नाही."

"तुम्ही कशाला भ्याल? तुम्ही तर बेशुद्ध होता. गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि श्रीरामपूर येईपर्यंत मी तुम्हाला हाका मारत होते, अण्णा. तुम्ही एकदाही ओ दिली नाहीत."

अण्णांनी बाजूला सारलेली गोळी जवळ ओढली. मग त्यांनी पाणी मागितलं.