भालकीच्या मावशीला पत्र

आमचं घर वालूरचं, लिंगायतांचं. शाळा मराठी, बाजारहाटही मराठीतच. पण आई भालकीकडची असल्यानं ती माझ्याशी कन्नडच बोलायची. त्यामुळे ती भाषा मला बोलता यायची, अक्षर मात्र एकही ओळखू येत नव्हतं. आई गेल्यावर कन्नड बोलायला तिची धाकटी बहीण तेवढी उरली, तीही फोनवर. गेल्या वर्षी या मावशीला ऐकू येणं पार बंद झालं. तिचा मुलगा म्हणाला, आता लिहून दाखवलं तरच तिला कळतं, आणि वाचता येतं ते फक्त कन्नड.

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. शेजारच्या घरात बिदरहून नवी सून आली होती. मराठी धड येत नसल्यानं ती गप्पच असायची. मी तिच्याकडे गेले आणि कन्नडमध्ये म्हणाले, तू मला लिहायला शिकव, मी तुला मराठी शिकवते. आपली भाषा कानावर पडताच ती ताडकन उभीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून जेवणं उरकली की आम्ही दोघी पाटी घेऊन बसू लागलो.

अक्षरं सगळी गोल गोल. माझा हात वळणावर अडायचा. तिसऱ्या आठवड्यात तिनं 'अ' काढला, पुढच्या 'व'च्या पोटाखाली दुसरा छोटा 'व' काढला आणि वाच म्हणाली. मी वाचलं, "अव्वा." अव्वा म्हणजे आई. जन्मभर मारलेली हाक पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. त्या संध्याकाळी भाकरी थापताना परातीतल्या पिठातही मी तेच लिहीत होते. घरचे म्हणाले, हिला लय नाद लागलाय.

दिवाळीनंतर मावशीला पत्र लिहिलं. अर्ध्या पानाला तीन दुपारी लागल्या. घरची खुशाली, नवी म्हैस घेतली, आता दूध भरपूर आहे. शेजारची सून तपासून देते म्हणाली, पण मला कुठला धीर? तसंच पोस्टात टाकलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ओट्यावरच बसले आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. मावशीनं लिहिलं होतं, 'तुझ्या घरात हाळु भरपूर आहे हे वाचून छातीत धस्स झालं. मग वरच्या ओळीत म्हैस दिसली आणि इतकी हसले की माझी सून धावत आली.'

हालु म्हणजे दूध. मी 'ल'च्या जागी 'ळ' काढला होता, आणि हाळु म्हणजे सत्यानाश. मी एकटीच खो खो हसत सुटले.

खाली लिहिलं होतं, 'कान गेल्यापासून माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं. चुका होऊ देत. लवकर लिही.'

माझं हसणं ऐकून शेजारची सून आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "काय लिवलंय ओ काकू?"

मी तिला सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, कुठंही न अडखळता. मग आत जाऊन नवा कागद आणला.