पंख्यातल्या अक्षता

आमच्याकडे दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होते. शिलाई मशीन, ह्यांची पाना-पक्कडची पेटी, माझी विळी आणि कॉम्प्युटर, प्रत्येकाला एकेक झेंडूचं फूल. लेकाने कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून तो डबा स्वतः जोडला, त्या वर्षापासून तोही पूजेत आला. हॉलच्या कोपऱ्यात, किचनकडे पाठ करून लेक त्याच्यासमोर बसायचा, कानात हेडफोन घालून. मी पोळ्या लाटता लाटता त्या पाठीशी बडबडायचे आणि पाठ काही ऐकायची नाही. अशी तिडीक जायची ना डोक्यात! आता ती पाठ नुसती दिसावी म्हणून मी काय वाट्टेल ते देईन.

तो परदेशी नोकरीला गेला त्याला तीन वर्षं झाली. डबा इथेच राहिला. सोसायटीची सेक्रेटरी मीच, त्यामुळे पाणी येणार नाही, टाकी साफ होणार आहे, असल्या नोटिसा मी त्यावर टाइप करते. एका बोटाने करते, पण करते. लेकाचा फोन दर रविवारी, आमची संध्याकाळ आणि त्याची सकाळ. जेवलात का, बाबांनी गोळ्या घेतल्या का, इथे थंडी आहे, बरं चल, ठेवतो. सहा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय. सात झाली तर त्याला आंघोळीला उशीर होतो.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी नोटीस टाइप करायला बसले, तर डब्यातून खर्र खर्र आवाज. थोड्या वेळाने स्क्रीन काळी. परत चालू केला, परत बंद. अंगाला हात लावला तर डबा चांगलाच तापलेला. म्हटलं, लागली वाट. रविवारी लेकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "व्हिडिओ कॉल कर आणि फोन स्टुलावर उभा ठेव. आपण उघडू."

मी ओलं फडकं पिळून आणलं.

"ते आधी बेसिनमध्ये टाक!" तिकडून ओरडला. "पाण्याचा थेंब नको आई, प्लीज."

"मग व्हॅक्युम आणू का?"

"अजिबात नाही. तू काहीच आणू नकोस. आधी शटडाउन कर. आता भिंतीवरचं बटण बंद. आता प्लग काढ. काढला म्हणू नकोस, मला दाखव."

दाखवला. मग डब्याचं बटण दहा सेकंद दाबून धरायला लावलं, आत उरलेली वीज निघून जाते म्हणे. मग माझा गाऊन बघितला. नायलॉनचा होता. तो बदलायला लावला, कारण आपल्या अंगातली वीज उडून आतला बोर्ड जातो. मी म्हटलं, माझ्या अंगात एवढी वीज असती तर बिलं कशाला भरली असती? तो हसला. कितीतरी दिवसांनी त्याला असं मोकळं हसताना ऐकलं मी. कॉटनचा गाऊन घालून आले, मागचे दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा मागे सरकवला.

अगं बाई! आत करड्या लोकरीसारखी धूळ. आमच्या रस्त्यावर तीन बिल्डिंगा पाडून नव्या बांधतायत, घाटकोपरची अर्धी माती आमच्याच घरात असते, ते ठीक. पण त्या धुळीत तांदूळ होते. कुंकवाचे लाल ठिपके होते, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या. डब्याच्या माथ्यावर हवा जायला जाळी आहे आणि मी दर दसऱ्याला भक्तिभावाने त्या जाळीवरच हळदकुंकू आणि अक्षता वाहत होते. त्या पुढे कुठे जातात, हा विचार कोण करतो? तीन दाणे पंख्यात अडकले होते, तेच खरखरत होते.

"तू होतास तेव्हा नाही कधी बिघडला तो," मी म्हटलं.

"कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू भाजीला गेलीस की मी उघडून साफ करायचो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू चिडली असतीस. पूजा बंद केली असतीस."

ही एवढी वर्षं त्या पाठीने माझं काहीच ऐकलं नाही असं मला वाटत होतं.

मग आम्ही साफ केलं. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. ह्यांचा रंगाचा एक कोरा ब्रश होता, तो अगदी हलक्या हाताने फिरवायचा. ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा रबरी फुगा होता, दाबला की फुस्स करून हवा सोडणारा. त्याने कोपरे साफ करायचे, पण आधी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, मोकळा गरगरला तर खराब होतो. खालची पेटी, जिच्यात वायर येते, तिचे स्क्रू कधी म्हणजे कधीच उघडायचे नाहीत. तो "हळू, हळू" म्हणत होता आणि मी "हळूच करतेय रे बाबा" म्हणत होते. मध्येच त्याने ऑफिसातल्या एका माणसाची नक्कल केली. मध्येच विचारलं, सोलकढीत लसूण कधी घालायचा. शेवटी पत्रा लावला, प्लग लावला, चालू केला. पंखा असा गप्प फिरला, की झकास!

"झालं," तो म्हणाला. "चल, ठेवतो."

एक तास वीस मिनिटं झाली होती. फोन बंद झाला आणि घर खायला उठलं.

तीन आठवड्यांनी मी त्याला म्हटलं, "अरे, परत आवाज येतोय." येत नव्हता. पण मला परत तो तास हवा होता. मग दर महिन्या-दीड महिन्याने डबा माझ्यासाठी तापायला लागला. साफ डबा साफ कसा करणार, म्हणून रविवारी दुपारी मी कपाटावरची धूळ ब्रशवर घेऊन आत शिंपडायचे. मला लाज वाटायची, पण मी करायचे. एकदा ह्यांनी बघितलं. पेपर खाली करून म्हणाले, "वेड लागलंय तुला." मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा." त्यांनी वाचला, आणि त्यानंतर रविवारी दुपारी कपाटाजवळ स्टूल आपोआप ठेवलेलं असायचं.

आणि मग या दसऱ्याच्या आदल्या रविवारी लेक म्हणाला, "आई, किती त्रास देतोय तो डबा तुला! भंगारवाल्याला देऊन टाक. मी लॅपटॉप ऑर्डर करतोय. त्यात पंखाच नाहीये, साफ करायची भानगडच नको."

पंखाच नाही म्हणजे आवाज नाही, धूळ नाही. परत सहा मिनिटं. खरं सांगायची सोय नव्हती, म्हणून मी चिडले. म्हटलं, "चांगल्या वस्तू टाकायच्या तुम्हा लोकांना फार हौस! मला नको तुझा लॅपटॉप. आज परत खरखरतोय तो, तेवढं बघ."

"बरं, उघड," तो म्हणाला.

प्लग काढला, दाखवला. बटण दाबून धरलं. पत्रा सरकवला. दुपारीच धूळ शिंपडून ठेवली होती.

"फोन जवळ ने. पंख्याजवळ. अजून." मग त्याने चेहरा स्क्रीनजवळ आणला. "आई, धूळ पात्याच्या कडेला साचते. ही सगळी वरून पडलीये. पावडर लावल्यासारखी."

मी घाईने ब्रश उचलला.

"आई, ही तू टाकलीस?"

माझ्या हातात ब्रश तसाच. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला खोटं सुचेना. म्हटलं, "मग काय करू? पंखा बिघडला की तू तासभर असतोस. आम्ही धडधाकट असलो की सहा मिनिटं. आठवण येते रे तुझी. खूप येते." आणि रडायलाच लागले मी, बोर्डावर पाणी नको म्हणून तोंड वळवून.

मला वाटलं, चिडला. फोनकडे बघितलं तर त्याने कॅमेऱ्यावर हात ठेवला होता. थोड्या वेळाने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"गाऊन कॉटनचा आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग पातं बोटाने धर. हळू."

त्या दिवशी त्याने माझ्याकडून डब्याचा कोपरान् कोपरा साफ करून घेतला, ज्यात माझीच धूळ होती. आंघोळीचं काही बोलला नाही. पत्रा लावून झाला, पंखा गप्प फिरायला लागला, तरी फोन चालूच होता.

"लॅपटॉप राहू दे," शेवटी म्हणाला. "आणि आई, दसऱ्याला अक्षता जाळीवरच टाक. जरा सढळ हाताने टाक."