केटिलचं नाव

आमची शेजारीण स्टेनवर चाळीस वर्षं मासे खारवण्याच्या कारखान्यात होती. निवृत्त झाल्यावर तिनं वडिलांच्या बुडालेल्या बोटीवर पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापून घेतलं. लिहिताना कुणाला एक पानही दाखवलं नाही. "मला शिकवणारी तू कोण?" असं तिनं मलाच सुनावलं होतं.

आमच्या आइसलंडात नाताळला एकमेकांना पुस्तकं द्यायची रीत. गावात नव्वद माणसं, आणि यंदा जो तो कौतुकानं तिचंच पुस्तक देत सुटला. एकेका घरात चार-चार प्रती झाल्या. जास्तीची पुस्तकं दुकानातून बदलून आणायची, हीही रीतच. हे तर तिनंच छापलेलं, म्हणून नाताळ सरताच लोक तिच्या दारात उभे राहिले.

"बदलून काय देऊ, कपाळ? दुसरं लिहिलंय कुठे मी?" ती करवादली, पण पुस्तकं ठेवून घेतली.

शेवटी काठी टेकत म्हातारी आउस्ता आली. तिचा नवरा केटिल त्याच बोटीबरोबर बुडाला होता.

"स्टेनवर, यात सहाच नावं आहेत गं. माझा केटिल कुठाय?"

केटिल अगदी ऐनवेळी बोटीवर चढला होता. स्टेनवरनं आईकडून ऐकलेली नावं कुणालाही न विचारता तशीच छापली होती. ती उठून पेन घेऊन आली. मग लोकांनी परत केलेल्या एकेका पुस्तकात केटिलचं नाव लिहू लागली.

पहिलं पुस्तक ती मिटायला गेली, तशी आउस्तानं तिचा हात धरला.

"शाई वाळू दे, बाई. एकदा पुसला गेलाय तो."